कडेच्या दोन खुर्च्या

९ जानेवारी

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि गोड बोलतात. गोड बोलणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. शेवटी कडू द्यायचं असतं म्हणून आधी साखर पेरतात. तसंच झालं. आमच्या यांचा डावा कान गेल्यात जमा आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. किती दिवस, असं मी विचारलं. म्हणाल्या, "वर्ष म्हणा, सहा महिने म्हणा. कधी कधी नुसत्या सर्दीचं निमित्त होतं." कारण शोधायला नको. सगळी नोकरी कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात गेली.

"आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

"लक्ष ठेवा. काय ऐकू येतं, काय येत नाही, ते बघत जा."

म्हणजे काही करायचं नाही, हे मला कळलं. तरी ही डायरी सुरू केली. कॉलेजच्या परीक्षा विभागात माझी नोकरी झाली. मागच्या बाकावर कोणाचं पेन पडलं तरी माझी मान वर होत असे. लक्ष ठेवणं मला जमतं.

जिना उतरताना हे मधेच थांबले. चक्कर आली की काय म्हणून मी दंड धरला. म्हणाले, "जन्मभर माग ऐकले गं. बाकी काय काय असतं ते ऐकून घ्यावं म्हणतो."

"बाकी म्हणजे?"

"गाणं-बजावणं. समोर बसून. जे मिळेल ते."

आमच्या घरात गाणं नाही. रेडिओ बातम्यांपुरता. संगीत म्हणजे शेजाऱ्यांनी आपल्याला दिलेला त्रास, अशी माझी व्याख्या आहे. पण हो म्हटलं. नाही म्हणून दुसरं काय देणार होते?

१८ जानेवारी

पहिला कार्यक्रम. चार माणसं, चार तंतुवाद्यं, माइक नाही. तिकीट देणाऱ्या बाईने विचारलं, "कुठल्या खुर्च्या देऊ?" मी म्हटलं, "जिथून ऐकू येतं त्या द्या." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

सुरुवातीला मी सभागृह तपासलं. छताला ओल आली आहे, पंखे कोणी पुसलेले नाहीत. मग त्यातल्या सगळ्यात मोठ्या वाद्याने एकट्यानेच काहीतरी सुरू केलं. चेलो म्हणतात त्याला. आवाज जमिनीलगत होता, शहाणं माणूस मुद्द्याचं बोलताना खालच्या पट्टीत बोलतं तसा. पंखे विसरले. एवढंच लिहून ठेवते.

हे डोळे मिटून, उजवा कान पुढे करून बसले होते. इतके स्थिर की मला मधेच बघावं लागलं.

मध्यंतरात यांचा गिरणीतला जुना सोबती दिसला. तो दालनाच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. दोघं तिथूनच बोलायला लागले, नुसते ओठ हलवून, आवाज न काढता. मागांसमोर उभं राहिलं की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओठ वाचायला शिकत. लग्नात यांचे सोबती जेवायला आले तेव्हा माझी आई मला हळूच म्हणाली होती, या सगळ्यांची दाढ एकदम कशी दुखायला लागली?

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"बायकोने ओढून आणलं का, विचारतोय."

"मग?"

"हो म्हटलं. अब्रूचा प्रश्न आहे."

ऐकणं: चांगलं. अगदी हळू सूरही आले म्हणतात.

१ फेब्रुवारी

दर शनिवारी जायचं ठरलं आहे आणि पाळलं जातं आहे. बागेत पितळी वाद्यांचा बँड ऐकला. एका बाईचं अकॉर्डियन ऐकलं. अकॉर्डियन मला आवडत नाही, हे आता मी अनुभवाने सांगू शकते. आज एका तळघरात सॅक्सोफोन होता. खुर्च्या डुगडुगत्या, समोरच्या मुलीच्या केसांचा रंग हिरवा. पण हे वाद्य ऐकण्यासारखं आहे. थोडी घेतलेल्या सज्जन माणसासारखं चालतं. आता पडणार असं वाटतं, आणि शेवटी बरोबर स्वतःच्याच दाराशी येऊन उभं राहतं.

बसमध्ये हे म्हणाले, "तुझा पाय हलत होता."

"मुंगी चावली."

"तालात चावत होती."

लेकीचा फोन आला. तिला हसू आवरेना. "आई, तू तळघरात? तू तर माझा टेपरेकॉर्डर कपाटात कुलूप लावून ठेवायचीस."

"परीक्षा होती तुझी," मी म्हटलं. "आणि मी बाबांसाठी जाते."

ऐकणं: बरं. गाडीत मात्र दोनदा "काय?" म्हणाले.

१४ फेब्रुवारी

सर्दी, ताप. चार दिवस झाले. वाफारा, औषधं, काढा, गरम पाण्याची पिशवी, सगळं वेळच्या वेळी करते आहे. सर्दीला त्याचं काही नाही. रात्री यांच्या श्वासाची घरघर ऐकत पडते आणि डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आठवतं. आयुष्यात मी भलभल्यांना वठणीवर आणलं. वाहणाऱ्या नाकापुढे माझं काही चालत नाही.

१७ फेब्रुवारी

ताप उतरला. सकाळी चहा देताना विचारलं, "आणि कान?" हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होता तसाच आहे. काळजी करू नको."

कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ ओट्याला धरून उभी राहिले. सुटले.

२० फेब्रुवारी

तपासणीला एकटेच गेले. "तुझं तिथे काय काम? तू त्या पोरीला घाबरवतेस," म्हणाले. परत आल्यावर विचारलं तर म्हणाले, "जैसे थे." यांना खोटं बोलता येत नाही. साधं पत्ते खेळताना पकडले जातात.

आजारपणाने काही खोडी मात्र लागल्या आहेत. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतात. म्हणे कान जपून वापरायचा, शनिवारसाठी शिल्लक ठेवायचा. फोन वाजला तर मीच घ्यायचा. आणि सभागृहात खुर्च्या कडेच्या हव्यात, त्यातही कडेची यांना. गुडघा अवघडतो म्हणून तिरके बसतात, माझ्या बाजूला तोंड करून. मागच्यांना त्रास होत असेल, पण गुडघ्याचं कारण असल्यावर बोलणार काय?

८ मार्च

आज वन्सं बरोबर होत्या. यांची मोठी बहीण. तोंडाने तिखट, कानाने खणखणीत. कार्यक्रम बायकांच्या समूहगानाचा. एकही वाद्य नाही. बायका साध्या, आमच्यासारख्याच; कोणी बँकेतली, कोणी शिवणकाम करणारी. पुढे उभ्या राहिल्या तेव्हा मी मनात म्हटलं, हौशी मंडळ, तासभर सहन करायचं.

मग त्यांनी तोंड उघडलं. एकीचा सूर दुसरीच्या सुराला लागून उभा राहिला, त्यावर तिसरीचा. भिंत बांधतात तसं. पण भिंत हलत होती, श्वास घेत होती. त्यातली एक माझ्याहून वयाने मोठी. तिचा आवाज कापत होता आणि बाकीच्यांनी तो मधे घेऊन सांभाळला होता. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. मी पिशवीत हात घालायच्या आधीच यांचा रुमाल माझ्या मांडीवर आला.

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "काय गं, माझा भाऊ स्टेजकडे बघतच नाही. सगळा वेळ तुझ्याकडे. या वयात?"

"तो गुडघा," मी म्हटलं.

"गुडघ्याला डोळे असतात होय?"

हे दोघींच्या तोंडाकडे बघून हसत होते.

घरी आल्यावर यांचा नेहमीचा प्रश्न. "कसं झालं? सांग."

"तुम्ही होतात की."

"तू सांग. मला तुझं ऐकायचंय."

पूर्वी मी दोन वाक्यांत आटपत असे. आता लांबतं. त्या कापणाऱ्या आवाजाचं सांगताना तर मला कळलंच नाही, ताटं वाढायची राहून गेली. हे समोर बसून टक लावून ऐकत होते. मधे म्हणाले, "मग ती एकटी गायली तेव्हा?" एकटी ती गायलीच नव्हती. मी दुरुस्त केलं. म्हणाले, "हो, हो, तेच."

ऐकणं: ठीक. लक्ष कमी पडतंय.

२२ मार्च

इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, आणि खुर्च्याच नाहीत. उभं राहायचं. आमच्या वयाचं दुसरं कोणी नव्हतं. एका मुलीने मला "आजी, इकडे या, इथून दिसेल" म्हणून पुढे घेतलं. कानात घालायला कापूस नेला होता. पहिल्या गाण्याला घातला, दुसऱ्याला एका कानातला काढला. तिसऱ्याला कापूस कुठे गेला ते माहीत नाही. मला वाटलं होतं की ही पोरं नुसती ओरडतात. पण तसं नाही. ती फार मोठ्या आवाजात एक फार साधी गोष्ट सांगत होती. कोणीतरी निघून गेलंय आणि आपण मागे राहिलोय, एवढीच.

यांनी लाकडी पेटीएवढ्या स्पीकरवर दोन्ही हात सपाट ठेवले होते. चेहरा असा, की मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता. माझ्या कानाशी येऊन ओरडले, "छातीत वाजतंय."

आता म्हणतात ड्रमचेच कार्यक्रम बघ. चेलोवरून घसरून माणूस ढोलावर आला. मी म्हटलं, अभिरुची बिघडत चालली तुमची. त्यावर नुसते हसले. पण पुढच्या शनिवारी मात्र मी चेलो निवडलं. एकट्या चेलोचा कार्यक्रम दररोज येत नाही.

५ एप्रिल

मागचा शनिवार रद्द झाला, वादक आजारी होती. आज झाला.

एकटी बाई, एकटं चेलो. लहान सभागृह, गच्च भरलेलं. तिने सुरू केलं आणि थोड्या वेळाने मी डोळे मिटले. आजवर मिटले नव्हते. लक्ष ठेवणारं माणूस डोळे मिटत नाही. पण आज राहवलं नाही. सूर खाली खाली गेला, मी त्याच्याबरोबर गेले. मग तिने मधेच थांबवलं. संपलं म्हणून नव्हे. तो थांबाही त्या संगीतातलाच होता. तिचा वाजवायचा गज हवेत असणार, कारण कोणी हललं नाही, कोणी खोकलं नाही. शांततेला इतका भरलेला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. परीक्षेच्या शांततेत भीती असते. हिच्यात नव्हती. मी बहुतेक हसले.

आणि त्या शांततेत माझ्या शेजारून टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या, मोकळ्या, मनापासून. एकाच माणसाच्या.

डोळे उघडले. सगळं सभागृह आमच्याकडे वळलं होतं. ती बाई गज उचललेलाच धरून बघत होती. हे मात्र माझ्याकडे बघत टाळ्या वाजवत होते. माझा चेहरा बघितला तेव्हा हात थांबले.

नंतर काय वाजलं ते मी ऐकलं नाही. लाजेने कान तापले होते.

बसमध्ये जागा पुढेमागे मिळाल्या. मी पुढच्या बाकावर. खिडकीकडे तोंड करून मी बोलत सुटले. लहान मुलालाही कळतं, संपलं की नाही ते. जरा समोर बघावं. चारचौघांत शोभा झाली. मागून उत्तर नाही. म्हटलं, रुसले. रुसू देत.

घरी आल्यावर हे पाठमोरे उभे राहून सदरा खुंटीला लावत होते. मी म्हटलं, "अहो, उद्या भाजी काय आणायची?" काही नाही. "अहो." काही नाही. "दूध उतू चाललंय." यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मी आवाज चढवला. शेजारच्यांना ऐकू गेलं असेल. "अहो, घर पेटलंय."

हे सावकाश वळले, माझं उघडं तोंड बघितलं, आणि म्हणाले, "काय म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हटलं.

७ एप्रिल

न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा गोडवा आज कामाला आला नाही. म्हणाल्या, "फेब्रुवारीतच गेला हो उजवा. त्या सर्दीत. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी स्वतः सांगेन, असं म्हणाले होते ते."

"यंत्र?"

"आता उपयोग नाही. तेही सांगितलं होतं मी त्यांना."

"काहीच करता येणार नाही?"

"समोर उभं राहून बोलत जा. तोंडावर उजेड असू द्या. त्यांना ओठ फार छान कळतात."

फार छान कळतात. म्हणजे घरातलं सगळं बोलणं, जेवताना, चहाला, समूहगानाच्या त्या रात्री. त्यानंतरचे सगळे शनिवार. त्या सॅक्सोफोनपर्यंतच काय ते खरं ऐकलं. आणि लक्ष ठेवायला कोण बसलं होतं? मी. ऐकणं: ठीक, असं लिहिलंय माझ्याच हाताने.

राग आला. अजून आहे. का फसवलं मला? दुसरं काय असणार, पुरुषाचा ताठा. हरलो म्हणून कबूल करायचं नाही. बायको कीव करेल, त्यापेक्षा दगडासारखं बसून टाळ्या वाजवायच्या.

संध्याकाळी वन्संना फोन करून सांगितलं. वन्संचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाल्या, "मग तो जातो कशाला?"

"सवय," मी म्हटलं. "शनिवारची."

"तू खुळी आहेस," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुःखात माणूस काहीही बोलतं.

१० एप्रिल

ठरवलं. विचारायचं नाही. ऐकू येतंय असं मला वाटावं अशी त्यांची इच्छा आहे ना, तर मला वाटतंय. शनिवार मोडायचे नाहीत. बिचाऱ्यांना एवढाच एक आनंद उरलाय, तो मी काढून घेणार नाही. वन्संचं एक म्हणणं मात्र खरं, ते माझ्याकडे बघत असतात. माझ्या तोंडावरून अंदाज घेतात. मग चेहरा मी नीट ठेवला पाहिजे. डोळे मिटायचे नाहीत.

आरशासमोर जरा करून बघितलं. माझ्या चेहऱ्याला ही कामं माहीत नाहीत. परीक्षागृहात एकच चेहरा पुरत असे.

१३ एप्रिल

काल गेलो. मोठा वाद्यमेळ होता. देशोदेशीचे वादक, कधी एकत्र न वाजलेली वाद्यं, असं निवेदक म्हणत होता. मी समोर बघत बसले आणि काम सुरू केलं. हळू भाग आला की भुवया वर. ढोल आला की मान. सूर चढला की श्वास आत. मधे मधे मांडीवर बोटांनी ताल, यांना दिसेल असा. संपायच्या आधी यांच्याकडे वळून हसायचं आणि मग टाळ्या, म्हणजे चूक व्हायला नको. सगळं वेळेवर झालं. यांनी माझ्याबरोबरच टाळ्या वाजवल्या.

काय वाजलं, ते मला सांगता येणार नाही. एक बासरी होती. ती चांगली असावी. आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले. मला तेव्हा भुवयांचं बघायचं होतं.

बसथांब्याकडे चालत निघालो. रस्ता रिकामा, दिवे लांब लांब. मी तोंड उजेडात येईल अशी चालत होते. कसं झालं, असं यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, "छान झालं नाही?"

हे एका दिव्याखाली थांबले.

"आज तू ऐकत नव्हतीस," म्हणाले.

"ऐकत होते की."

"नव्हतीस. मला दाखवत होतीस." राग नव्हता आवाजात. आवाज हल्ली जरा मोठाच असतो. "ती चेलोवाली वाजवत होती तेव्हा ऐकत होतीस. त्या बायका गायल्या तेव्हा. मी बघितलंय. आज काहीच नव्हतं तोंडावर. नुसती कवायत."

इतक्या वर्षांत मी गप्प उभी राहिले आणि हे बोलत राहिले, असं कधी झालं नव्हतं.

"कळलं ना तुला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"डॉक्टरीणबाई?"

मान हलवली.

"बरं." खिशात हात घालून थोडे उभे राहिले. "मग आता एक कर. माझ्याकडे लक्ष देऊ नको. डोळे मिटून ऐकत जा त्या दिवशीसारखी. मी नाही टाळ्या वाजवत मधे."

आणि माझ्या पाठीवर हात ठेवून चालायला लागले, "चल, बस जाईल."

मी बोलले. बरंच बोलले, सगळं एकदम. चालता चालता, मान खाली घालून, तोंड रस्त्याकडे. मग मान वर केली तेव्हा लक्षात आलं की दिवा मागे राहिला होता आणि पुढचा अजून लांब होता. हे अंधारात शेजारी चालत होते.

उजेडात आल्यावर मला ते पुन्हा म्हणता आलं नाही.